माझगावचा मकबरा, कुदळ आणि चुना

महाराष्ट्रात कबरीवरून भांडण पेटलं की त्याची धग टोरंटोतल्या मराठी घरांपर्यंत पोचते. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवण्याची मागणी जोरात आली, १७ मार्चला नागपुरात दंगल झाली आणि इथेही तोच विषय चघळला गेला. बोलणारे दोन बाजूंचे, पण गृहीतक एकच: कबर ठेवली म्हणजे मान दिला, काढली म्हणजे हिशेब चुकता केला. मला हे गृहीतकच मान्य नाही. मुंबईत माझगावला एका परागंदा इराणी राजपुत्राचा मकबरा आहे, हसनाबाद नावाचा. तो तिथे कसा आला आणि कशाच्या जोरावर टिकला, हे या वादात कुणीतरी मांडायला हवं.

या राजपुत्राचं नाव हसन अली शाह, जन्म १८०४चा. ते शिया मुसलमानांतल्या निझारी इस्माइली पंथाचे ४६वे इमाम, म्हणजे वंशपरंपरेने आलेले धर्मप्रमुख. वडील शाह खलीलुल्लाह यांना १८१७ मध्ये यझ्दच्या दंगलीत जमावाने ठार मारलं. इराणचा काजार बादशहा फतह अली शाह याने मारेकऱ्यांना शिक्षा केली, पोरक्या मुलाला स्वतःची मुलगी दिली, कुम आणि महल्लातचा कारभार दिला आणि ‘आगा खान’ हा किताब दिला. म्हणजे ‘राजपुत्र’ ही ओळख पक्की झाली ती बादशहाच्या जावयाच्या नात्याने. सासरा गेल्यावर दिवस फिरले. पुढच्या बादशहाने, मोहम्मद शाहने, १८३५ मध्ये त्यांना किरमानचा सुभा दिला आणि दोन वर्षांत काढून घेतला. आगा खान बमच्या किल्ल्यात शिरून बसले. चौदा महिने वेढा पडला, शेवटी शरणागती. काही काळाने पुन्हा बंड, पुन्हा पराभव, आणि १८४१ मध्ये थोडे स्वार घेऊन ते अफगाणिस्तानात उतरले. कंदाहारला इंग्रजांशी संधान बांधलं, सिंधच्या मोहिमेत त्यांना मदत केली, तनखा मिळवला. १८४४ मध्ये सिंध सोडून कच्छ-काठेवाडातून मुक्काम करत करत १८४६च्या आरंभी ते मुंबईला पोचले.

तिथेही निवांतपणा नव्हता. तेहरानने माणूस परत मागितला. इंग्रजांनी सोपवला नाही, पण इराणी किनाऱ्यापासून लांब म्हणून १८४७ मध्ये कलकत्त्याला नेऊन ठेवला. १८४८ मध्ये मोहम्मद शाह मेला आणि डिसेंबरात आगा खान मुंबईला परतले ते कायमचेच.

मकबऱ्याचा पाया माझ्या मते दगडात नाही, १८६६च्या एका निकालात आहे. मुंबईत खोजा व्यापाऱ्यांची जमात आधीपासून होती. मूळचे बहुतेक लोहाणा या हिंदू व्यापारी जातीतले, घरात कच्छी-गुजराती बोलणारे, इमामाला ‘दसोंद’ म्हणजे उत्पन्नाचा दशांश पाठवणारे. इमाम इराणात होते तोवर हा व्यवहार लांबूनच चाले. ते स्वतः दारात येऊन उभे राहिल्यावर प्रश्न निघाला: जमातखाना म्हणजे जमातीची प्रार्थनेची आणि सभेची जागा, कबरस्तान, जमातीचा पैसा कुणाचा? जमातीचा की इमामाचा? एका गटाने दसोंद नाकारली. १८५० मध्ये माहीमच्या जमातखान्यात खून पडले. शेवटी प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि १२ नोव्हेंबर १८६६ रोजी न्यायमूर्ती सर जोसेफ अर्नोल्ड यांनी निकाल दिला की खोजे हे मूळचे हिंदू, शिया इमामी इस्माइली पंथात आलेले आणि वंशपरंपरागत इमामाला बांधलेले आहेत. विरोधकांना हा निकाल जड गेला आणि त्यातले अनेक पुढे सुन्नी किंवा इस्नाअशरी (बारा इमाम मानणारे शिया) म्हणून वेगळे झाले. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण वास्तूच्या अंगाने पाहिलं तर एक गोष्ट कायमची मिटली. एप्रिल १८८१ मध्ये आगा खान वारले आणि माझगावला खास बांधलेल्या वास्तूत त्यांना ठेवलं गेलं, तेव्हा किल्ल्या कुणाकडे आणि खर्च कुणाचा, हे विचारायची वेळच आली नाही.

‘आगा खान’ किताबाच्या इमामांपैकी हिंदुस्थानात राहिलेली ही एकच कबर. मुलगा आका अली शाह १८८५ मध्ये पुण्यात वारले, त्यांना इराकमधल्या नजफला नेलं. नातू सुलतान मुहम्मद शाह आस्वानला, नाईलच्या काठी. फेब्रुवारी २०२५ मध्ये चौथे आगा खान प्रिन्स करीम यांनाही तिथेच पुरलं. परका म्हणून आलेला पहिला माणूस तेवढा माझगावचा झाला.

आता इराणकडे बघा. पहलवी घराण्याचा रझा शाह १९४१ मध्ये पदच्युत झाला, मॉरिशस आणि मग जोहान्सबर्गला हद्दपारीत राहिला, तिथेच १९४४ मध्ये वारला. प्रेत काही वर्षं कैरोत होतं, पुढे तेहरानजवळ रेय इथे भव्य मकबरा बांधून त्यात ठेवलं. १९८० मध्ये क्रांतीनंतर तो पाडायला घेतला. बांधकाम इतकं भक्कम निघालं की यंत्रं आणि सुरुंग लावूनही काम दिवसेंदिवस चाललं. आणि २०१८ मध्ये त्याच परिसरात खोदकाम करताना मसाला भरलेलं एक प्रेत वर आलं, ते रझा शाहचंच असावं असं म्हटलं गेलं. अडतीस वर्षांनी सगळा देश पुन्हा त्याच माणसाबद्दल बोलत होता. मकबरा पाडल्याने राजवटीचे अत्याचार कमी-जास्त झाले नाहीत, फक्त लोकांना बोट दाखवून ‘हा इथे होता’ म्हणायची जागा गेली.

आपल्याकडे कबर राखण्याचा विचार नवा नाही. अफझलखानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे, ती महाराजांच्या काळापासून. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे काय झालं? कबरीभोवतीचं बेकायदा बांधकाम प्रशासनाने पाडलं, कबर राहिली. हाच फरक मला महत्त्वाचा वाटतो. अतिक्रमण, उदात्तीकरण, बेकायदा उरूस यांना हरकत घ्यावी, जरूर घ्यावी. कबर हा कागद आहे. शत्रूचा असला म्हणून कुणी सातबारा फाडत नाही.

खुलताबादची कबर प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्याने संरक्षित आहे. २०१०च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या १०० मीटरांत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पण संरक्षणाचा फलक म्हणजे देखभाल नव्हे, आणि आपल्या वादांत देखभालीचा शब्दही येत नाही.

घुमटाची वास्तू मरते कशी, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. सुरुवात पन्हाळीपासून होते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तो बहुतेक चार महिन्यांत. कबुतरांची घाण आणि पाला यांनी पन्हाळ तुंबते, घुमट जिथे भिंतीवर टेकतो त्या खोबणीत पाणी साचतं आणि आतून तिथेच पहिला पिवळा डाग दिसतो. लोक डागावर रंग मारतात. पुढच्या वर्षी खोबणीत पिंपळ उगवतो. तो वरून छाटला की मुळं आणखी जाड होतात. मूळ सांध्यातून पूर्ण काढावं लागतं आणि पोकळीत चुन्याचं पातळ मिश्रण भरावं लागतं. मग कुणीतरी सिमेंटचा गिलावा सुचवतो, आणि इथे खरा घात होतो. चुन्याची भिंत श्वास घेते, शोषलेलं पाणी बाहेर सोडते. सिमेंट ते कोंडतं. समुद्राच्या हवेतलं मीठ आतच साचून त्याचे खडे होतात आणि दगडाचा पापुद्रा सिमेंटसकट सुटतो. लोखंडी कांबी गंजून फुगतात, दगड फोडतात. त्या जागी स्टेनलेस स्टील किंवा तांबं लागतं. संगमरवर काळवंडला म्हणून आम्ल फिरवलं तर दगडच विरघळतो. मुलतानी मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा ओला लेप लावून, वाळू देऊन, तो सोलून काढणं हा संथ पण बिनधोक उपाय आहे.

गिलाव्यासाठी ढोबळ प्रमाण एक भाग चुना, तीन भाग वाळू. ओलीच्या जागी काही वाळूऐवजी सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी. चुना दगडी चाकाच्या घाण्यात मळायचा, त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा. थर पातळ, एकावर एक, मधे पुरेसे दिवस सोडून, वर ओली गोणपाटं. घाई केली की केसासारख्या चिरा पडतात. या कामाचे कारागीर आज मोजके उरलेत.

कॅनडात हवेचा त्रास वेगळा. सांध्यात शिरलेलं पाणी गोठून सुमारे नऊ टक्के फुगतं आणि दगड उलतो. पण शिकण्यासारखी गोष्ट हवेत नाही, कायद्यात आहे. ऑन्टारिओत दफनभूमीत जमिनीतली जागा विकली की किमतीच्या ४० टक्के रक्कम देखभाल निधीत ठेवावी लागते, मकबऱ्यातल्या कप्प्यासाठी २० टक्के. मुद्दल विश्वस्तांकडे राहतं, त्याच्या उत्पन्नातून गवत, भिंती, दगड सांभाळले जातात. दफनभूमी बेवारस ठरली तर ती स्थानिक नगरपालिकेच्या गळ्यात पडते. मेलेला कोण होता हा प्रश्न कायदा विचारतच नाही.

म्हणून परदेशात सगळं आलबेल आहे, असं मी म्हणणार नाही. टोरंटोच्या विनफर्ड ड्राइव्हवर २०१४ मध्ये आगा खान संग्रहालय उघडलं. शेजारचं इस्माइली सेंटर आपल्या चार्ल्स कोरियांनी रचलेलं, प्रार्थनागृहावर काचेचं दुहेरी छप्पर. त्याच जागेवर १९६०च्या दशकातली बाटा कंपनीची कचेरी होती, आधुनिक वास्तुकलेचा चांगला नमुना. अभ्यासकांनी विरोध केला, तरी २००७ मध्ये ती पाडली गेली. कोरियांची वास्तू मला मनापासून आवडते, आणि बाटाची कचेरी गेली हे वाईटच झालं.

मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली आणली, देशात सर्वांत आधी. त्यात पाडायला आणि बदलायला परवानगी लागते. डागडुजीचा पैसा मात्र मालकाने पाहायचा. हसनाबादला जमात आहे. जिच्या पाठीशी जमात नाही, दसोंद नाही, निकाल नाही, अशा कबरीचं काय? खुलताबादेतच मलिक अंबर निजला आहे, निजामशाहीचा वजीर, मोगलांना दमवणारा, खडकीला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) नहरींनी पाणी आणणारा. त्याच्या घुमटासाठी कुणी घोषणा देत नाही. प्रत्येक जिल्ह्यात अशा वास्तूंसाठी मुद्दल न मोडणारा निधी हवा, स्मारकांच्या तिकिटाचा ठरावीक हिस्सा त्यात जावा, आणि दर वर्षी मे अखेर पन्हाळी साफ झाल्याची नोंद जाहीर व्हावी.

गिलाव्याचं काम दसऱ्यानंतर धरतात, पाऊस सरल्यावर. चुना त्याआधी तीन महिने भिजलेला हवा. म्हणजे आषाढातच हौद भरायला घ्यावे लागतील.