दीड सूत, अर्धं सूत आणि एक दीडशहाणा

रात्रीचे पावणेबारा वाजलेत, बाहेर बर्फ पडतोय, गॅरेजमध्ये मी स्वेटरवर स्वेटर घालून टॉर्चच्या उजेडात एका रिव्हेटकडे बघत बसलोय. एकाच. गेली चाळीस मिनिटं. मधलं दार उघडून बायको डोकावली आणि म्हणाली, "अरे, ते काय अंडं घालणार आहे का?"

आता हिला काय सांगायचं. तर मी घरी विमान बांधतोय. खरं, बसून उडवायचं, दोन सीटचं. आम्ही ओहायोत राहतो, डेटनपासून तासाभरावर, जिथे राईट बंधूंचं सायकलचं दुकान होतं, त्यामुळे विमानाचं खूळ इथल्या पाण्यातच आहे असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते पाण्याला कशाला दोष देतोस. पण राईट बंधूंचं एक बरं होतं, १९०३ चं त्यांचं विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि वर ताणलेली मलमल. मलमल शिवायची, शिवण वाकडी गेली की उसवायची, परत घालायची. माझं आरव्ही-७ आहे अ‍ॅल्युमिनियमचं, आणि ते उभं राहतं रिव्हेटवर, म्हणजे पत्र्याला पत्रा जोडणाऱ्या, दोन्हीकडून चेपलेल्या धातूच्या खिळ्यांवर. पूर्ण विमानात दहा हजारांच्या वर रिव्हेट.

किट टप्प्याटप्प्याने येतं. आधी शेपूट. खोका उघडला तर निळं प्लास्टिक चिकटवलेले पत्रे, आणि रिव्हेट चक्क खाकी कागदी पिशव्यांत, वाण्याकडून पावशेर मोहरी आणावी तसे. पिशवीवर लिहिलेलं एएन-४७०-एडी-४-५. मला वाटलं विमानाचा पासवर्ड आहे. मग वाचून वाचून कळलं की ४७० म्हणजे गोल डोक्याचं, एडी म्हणजे कुठला मिश्रधातू ते, ४ म्हणजे जाडी इंचाच्या बत्तीसाव्या भागात आणि ५ म्हणजे लांबी इंचाच्या सोळाव्या भागात. जाडीला एक हिशोब, लांबीला दुसरा. हे सगळं मी बाबांना व्हिडिओ कॉलवर मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं. बाबा एकतीस वर्षं पिंपरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे एक सूत जाड, अडीच सूत लांब. सरळ बोल की."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पंधरा वर्षं अमेरिकेत राहून मला जो आकडा बोलताना जीभ अडखळायची तो बाबांनी दोन शब्दांत संपवला. पत्र्याच्या पृष्ठभागात बुडणारे जे चपट्या डोक्याचे बारीक रिव्हेट असतात ते, तर म्हणे पाऊण सूत. तेव्हापासून आमच्या गॅरेजात सूतच चालतं.

तर रिव्हेट मारायचं म्हणजे काय, एका बाजूने हवेच्या दाबावर चालणारी गन रिव्हेटच्या डोक्यावर लावायची आणि दुसऱ्या बाजूने त्याच्याच शेपटीला एक जड लोखंडी ठोकळा धरायचा, त्याला बकिंग बार म्हणतात. गन तडतडते, ठोकळा मागून मार देतो, बाहेर आलेली शेपटी चेपून तिचं बटण होतं. हे बटण दीड सूत रुंद आणि अर्धं सूत उंच झालं पाहिजे. नियम एवढाच. म्हणजे जाडीच्या दीडपट रुंदी, निम्मी उंची. लहान मुलालाही कळेल. आणि याच्यावरून माणसं रात्र रात्र जागतात.

कारण गन माझ्या हातात असते आणि ठोकळा बायकोच्या. दोघांच्या कानावर ते मोठे कानझाके. ती "थांब" म्हणते ते मला ऐकू येत नाही, मला वाटतं ती "दाब" म्हणाली. दोन सेकंदांचा खेळ असतो, त्यात अर्धा सेकंद जास्त गेला की बटणाची भाकरी होते, कमी गेला तर ते फुगतच नाही, गन जरा तिरकी झाली तर डोक्यावर चंद्रकोर उठते, तिला इथले लोक लाडाने स्मायली म्हणतात, आणि ठोकळा तिरका धरला तर अख्खी शेपटी मान मोडल्यासारखी एका अंगाला लवंडते. पुण्यात तांबट आळीतून जाताना लहानपणी मी ते ठोके ऐकायचो, एकसारखे, एकाच लयीत, कधी वाटलं नाही की त्यात काही अवघड असेल. आता त्या सगळ्या तांबटांना गाठून पाया पडावंसं वाटतं.

मोजायला एक छोटं गेज मिळतं. पत्र्याची चकती, तिला एका बाजूला खाच, एका बाजूला भोक. खाच पत्र्यावर टेकवायची, बटण खाचेच्या वर डोकावलं तर उंची जास्त, म्हणजे अजून चेपायला हवं. आता ही चकती सरळ धरली तर एक उत्तर, जराशी कललेली धरली तर दुसरं, आणि रात्री अकरानंतर धरली तर तिसरंच.

माझं हे रिव्हेट मागच्या स्पारवरचं. स्पार म्हणजे विमानाच्या शेपटीचा कणाच. आजूबाजूची सगळी गोल, गुबगुबीत, आणि हे एक जरा उंच. किती? केसभर. चकती हलत होती, म्हणजे अगदी टॉकटॉक नाही, टॉक. मी दोनदा टॉक ऐकलं, तिसऱ्यांदा नाही ऐकलं.

मग काढून टाक ना, असं ज्यांनी कधी रिव्हेट काढलं नाही ते म्हणतात. मी काढलंय. पहिल्या आठवड्यात एकाला चंद्रकोर उठली म्हणून मी ते ड्रिलने काढायला घेतलं. डोक्याच्या बरोब्बर मध्ये एक बारीक खळगा असतो, तो एडी धातूची खूण म्हणून असतो पण ड्रिल टेकवायला देवाने दिल्यासारखा उपयोगी. डोक्याच्या जाडीइतकंच भोक पाडायचं, डोकं तोडून काढायचं आणि उरलेला दांडा हळूच मागे ठोकायचा. ड्रिल जरा सरकलं. गोल भोकाचं आठच्या आकड्यासारखं भोक झालं. मग त्यात एक सुताचं रिव्हेट ढिलं, म्हणून पुढच्या मापाचं, सव्वा सुताचं. ते बसवायला भोक मोठं केलं, आणि मग लक्षात आलं की रिव्हेटचा मध्य पत्र्याच्या कडेपासून जाडीच्या निदान दुप्पट आत असावा लागतो, रिव्हेट जाड झालं की हे अंतरही वाढतं, आणि माझी कड आता काठावर पास. डोक्यावरची एक चंद्रकोर, जी कुणाला दिसलीही नसती, तिच्यापायी मी नवा भाग मागवला. पोस्टखर्च वेगळा.

तेव्हा या वेळी मी काढणार नव्हतो. ठेवणारही नव्हतो. लाल मार्करने त्याच्याभोवती वर्तुळ काढलं आणि झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. चूक झाली. आत्याने विचारलं हे बटण कुठल्या शर्टचं. मामा म्हणाले मोत्यासारखं आलंय. सिव्हिलवाला चुलतभाऊ म्हणाला साइटवर एवढं चालून जातं, आणि तो बांधतो ते हलत नाही हे तो सोयीस्कर विसरला. मग मामांनीच मुद्दा काढला की आपल्या कांदिवलीत कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ साली बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते ठेवलंही होतं, तुझं अजून शेपूटच का? याला काय उत्तर देणार, मी अंगठा टाकला.

बायकोचा निकष सोपा होता. "मोदक फुटला तर आपण तो नैवेद्याला नाही ठेवत, आपण खातो. तू हे रिव्हेट खाणारेस का? नाही ना? मग राहू दे." वर तिने कुठूनतरी वाचलं होतं की अशा विमानात प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते, की हे विमान हौशी माणसाने बांधलंय आणि नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही. शिवाय दाराजवळ निदान दोन इंची अक्षरांत एक्सपेरिमेंटल. "एवढं लिहिल्यावर आत कोण बसणारे," ती म्हणाली, "तू आणि तुझं रिव्हेट."

शेवटी मी ईएएच्या टेक्निकल कौन्सिलरला बोलावलं. ईएए ही घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना, १९५३ पासूनची, आणि त्यांचे हे अनुभवी लोक फुकट घरी येऊन तुमचं काम बघून जातात. आमच्याकडे आले ते पंचाहत्तरीचे गोरे आजोबा, खिशात आरसा आणि टॉर्च. चिवडा खाल्ला, चहा घेतला, दुसऱ्या महायुद्धात काही रिव्हेट मऊ राहावेत म्हणून बर्फात ठेवायचे हे सांगितलं, त्यावर बायकोने उठून आमचा फ्रीज उघडून बघितला. मग ते शेपटीवरून बोट फिरवत गेले. एका कडेवर थांबले, इथे धार राहिलीय, घासून घे म्हणाले. बाकी मान हलवत राहिले.

"आणि एक रिव्हेट दाखवायचंय," मी म्हटलं. आवाज कापरा. स्पार उचलला, उजेडात धरला.

वर्तुळ नव्हतं.

"अगं, इथे लाल मार्कर होता ना?"

"पुसला. काल. पाहुणे येणार म्हणून सगळं स्पिरिटने पुसून घेतलं, किती डाग होते."

फोटो काढला मोबाईलमधून. फोटो मी इतक्या जवळून घेतलेला की रिव्हेट एखाद्या ग्रहासारखं दिसत होतं आणि शेजारपाजार काहीच नाही. मग आम्ही तिघं कामाला लागलो. आजोबा आरशाने, मी चकतीने, बायको नुसत्या डोळ्यांनी. चकतीने तीन उमेदवार निघाले. आजोबांनी माझ्या हातातून चकती घेऊन सरळ धरली तर तिन्ही पास. मी धरली तर दोन नापास, त्यातलं एक आधीच्या तिघांत नव्हतंच. बायकोने चौथंच दाखवलं आणि पैज लावली. वीस मिनिटांनी आजोबांनी टॉर्च बंद केला, सापडलं की कळव म्हणाले, आणि राहिलेला चिवडा डब्यात बांधून घेऊन गेले.

संध्याकाळी बाबांचा फोन. तिकडे पहाट होती, ते फिरायला निघाले होते.

"काय झालं रे त्या रिबिटाचं?"

"हरवलं, बाबा."

"पडलं?"

"नाही, पडलं नाही. आहे तिथेच आहे. कुठलं ते कळत नाहीये."

पलीकडे जरा वेळ नुसता चपलांचा आवाज.

"सगळी दीड सूत आहेत ना?"

"दिसतायत तरी."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.