भाकरी खाता ना, मग शुगर का उतरत नाही?

डायबेटिसचा विषय निघाला की कुणीतरी छातीठोकपणे सांगणारच, चपाती बंद करा, ज्वारीची भाकरी सुरू करा, शुगर आपोआप खाली येते. मग घरात दोन वेगळी पिठं, दोन वेळा तवा, आणि ज्याला शुगर आहे तो बिचारा चार-चार भाकऱ्या खातोय, कारण भाकरीने "काही होत नाही". तीन महिन्यांनी HbA1c (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) करायचं आणि मग लॅबवर संशय घ्यायचा!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्या खाण्याच्या पदार्थांचे तक्ते काढलेत, ते एकदा बघाच. १०० ग्रॅम ज्वारीत कार्ब्ज (कर्बोदकं, म्हणजे स्टार्च आणि साखर) साधारण ६८ ग्रॅम आणि फायबर (न पचणारा चोथा) १०. आणि ज्या गव्हाच्या पिठाला आपण व्हिलन केलंय त्यात कार्ब्ज ६४, फायबर ११. म्हणजे चाळून कोंडा काढला नाही तर दोघं जवळजवळ सारखेच. खरा फरक पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात दिसतो, तिथं फायबर तीनच्या आत. बरं, कोंडा चाळून गायीला घालणारी घरं मी भरपूर पाहिलीत, गाय ठणठणीत असते.

मी भाकरीच्या विरोधात नाहीये हां. ती चावायला वेळ लागतो, पोट लवकर भरतं, आणि त्यामुळे कमी खाल्ली गेली तर फायदा होतोच. पण मग तो फायदा कमी खाण्याचा झाला ना. पीठ कुठलंही असो, आत स्टार्च आहे, स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या, त्या आतड्यात तुटून रक्तात जाणारच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब या डायबेटिसवरच्या देशभरातल्या सर्व्हेचा २०२५ मध्ये जो पेपर आला त्यात हेच निघालंय, आपल्या कॅलरींपैकी साधारण ६२ टक्के कार्ब्जमधून येतात आणि नुसतं पांढरं धान्य सोडून गव्हाचं किंवा मिलेटचं (ज्वारी-बाजरी-नाचणीसारखं) पीठ घेतल्याने डायबेटिसचा धोका कमी झालेला दिसला नाही. कार्ब्जचा थोडा वाटा कमी करून तिथं डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातलं प्रोटीन आलं तिथं मात्र दिसला.

आणि इथंच माझं खरं भांडण आहे. आपण चपाती की भाकरी यावर तावातावाने बोलतो आणि ताटातली उसळ कधी गायब झाली ते कुणाच्या लक्षातच येत नाही. मटकीत १०० ग्रॅमला १५ ग्रॅम फायबर, मुगात १७, अख्ख्या हरभऱ्यात २५ (कोरड्याचे आकडे आहेत, शिजवल्यावर पाणी धरून कमी होतात, तरी बरंच उरतं). डब्यात काय असतं? तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. म्हणजे स्टार्चबरोबर तोंडी लावायला स्टार्च!

फायबर आपल्याला पचत नाही हाच त्याचा गुण. त्यातलं विरघळणारं फायबर, म्हणजे मेथीदाणे, इसबगोल, ओट्स, गवार यातलं, पोटात पाण्याबरोबर बुळबुळीत होतं आणि अन्न पुढे सरकायचा वेग कमी करतं, त्यामुळे साखर एकदम न चढता हळूहळू चढते. कोलेस्टेरॉल कमी व्हायलाही मदत होते. न पचलेल्या फायबरपैकी बरंचसं मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया खातात आणि त्यातून आपल्या कामाची फॅटी ॲसिड्स तयार करतात. डब्ल्यूएचओ म्हणते मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम फायबर हवं. बिनचाळलेल्या पिठाच्या पोळ्या, एक वाटी उसळ, पालेभाजी, एक पेरू एवढ्यात त्याच्या बरंच जवळ जाता येतं.

अजून एक, नाचणी सत्त्व. नाचणी चांगली, कबूल, पण ती भिजवून वाटून फडक्यातून गाळून चोथा फेकून दिला की खाली राहिलं काय? स्टार्चच ना. आजारी माणसाला, लहान बाळाला ठीक आहे, पण शुगरवाल्या सासऱ्यांना "हेल्दी" म्हणून रोज सकाळी गूळ घालून द्यायचं हे जरा अतीच. गूळही शेवटी साखरच, चोथा काढलेल्या ज्यूसचं तेच. आणि साबुदाण्याबद्दल काय बोलू, त्यात फायबर जवळजवळ नाहीच, वर बटाटा, आणि त्याला आपण उपास म्हणतो. दाण्याचं कूट आणि दही असतं म्हणून थोडं निभावतं.

"मग आम्ही खायचं तरी काय?" असं कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच आहे. जे खाताय तेच खा. आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा पालेभाजी, मग पोळी किंवा भाकरी, दोन पुरे, भात शेवटी आणि थोडा. पहिल्या घासापासून दोन तासांनी घरीच ग्लुकोमीटरवर बघा, एक दिवस पोळीवर, एक दिवस भाकरीवर, बाकी जेवण तेच ठेवून. तुमच्या शरीराचं उत्तर तुमच्याच बोटावर मिळेल. फक्त उसळी एकदम वाढवू नका, गॅसने घरचे हैराण होतील, हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-पोळी एकदम कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, डोस तोच ठेवून जेवण कमी केलं तर शुगर धाडकन खाली येऊ शकते.