१,२४० रुपयांपायी

वहिनींचं खातं गोठलं तेव्हा त्यात ४६ हजार रुपये होते. किराणावाल्याचे, गॅसवाल्याचे, पुतणीच्या क्लासच्या फीचे. म्हणजे आले होते ते जाण्यासाठीच. वहिनी विट्यात मेस चालवतात, पंधरा-वीस कॉलेजची पोरं आणि चार-दोन नोकरीवाले. सकाळी किराणावाल्याला पैसे पाठवायला गेल्या तर व्यवहार फेल. परत केला, परत फेल. नेट गंडलंय म्हणून मी माझा हॉटस्पॉट दिला, तरी तेच. बँकेत गेल्यावर कळलं, खात्याला ‘डेबिट फ्रीझ’ लागलाय. पैसे येतील, जाणार नाहीत. उंदराचा सापळा बघा.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, सायबरची कम्प्लेंट आहे, आमच्या हातात काही नाही.” आणि एका चिठ्ठीवर परराज्यातल्या पोलीस ठाण्याचा ई-मेल आणि लांबलचक तक्रार क्रमांक लिहून दिला. वादातली रक्कम किती? १,२४० रुपये.

हे १,२४० कुठून आले ते शोधायला आम्हाला आठवडा लागला. मेसवरच्याच एका पोराचे. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, बोलायला गोड, अंगात चलाखी. त्यानं यूएसडीटी विकले होते. म्हणजे डॉलरशी भाव बांधलेलं क्रिप्टो नाणं. घ्यायचं एका ठिकाणी आणि टेलिग्रामवरच्या ग्रुपात अनोळखी माणसाला नगामागं दोन-तीन रुपये चढ्या भावानं विकायचं. पैसे सरळ यूपीआयवर. घेणारा चढा भाव का देतोय, हे काय त्यानं विचारलं नाही. ते पैसे कुण्या तिसऱ्याच माणसाला फसवून लुबाडलेले होते. चोराला ते लवकरात लवकर क्रिप्टोत घालून पसार व्हायचं असतं, मग भावात कोण घासाघीस करतंय! पोराच्या खात्यात आलेल्या पैशातूनच मेसचे १,२४० वहिनींकडं आले.

फसवला गेलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करतो. तक्रार त्याच्या बँकेकडं जाते, ती सांगते पैसे पुढं अमुक बँकेत गेले, ती बँक सांगते तिथून पुढं तमुक. प्रत्येक टप्प्याला पोलीस ‘लेयर’ म्हणतात आणि प्रत्येक लेयरला कुलूप लागत जातं. कल्पना चांगली आहे, हे आधीच सांगतो. पहिल्या तासा-दोन तासांत पैसा अडवला नाही तर तो कायमचा गेला. माझ्या एका मित्राच्या वडिलांचे दोन लाख याच फोनमुळं वाचले. माझं भांडण कुलपाशी नाही. १,२४० साठी ४६ हजारांना कुलूप का, याच्याशी आहे.

मी बावीस वर्षं पतसंस्थेत वसुलीचं काम केलं. थकबाकीदार डोळ्यांदेखत नवी गाडी उडवत असला तरी आम्हाला आधी १०१ चा दाखला, म्हणजे सहकार कायद्यातला वसुलीचा दाखला, काढावा लागायचा. नोटीस, सुनावणी, निबंधक कार्यालयाचे हेलपाटे, मग कुठं जप्ती. शिव्या घातल्यात त्या कायद्याला. पण समोरच्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्या पैशाला हात लावता येत नव्हता. इथं वहिनींना साधा मेसेजही नाही. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्येच बँकांना सांगितलंय की पोलिसांनी जेवढ्या रकमेचा उल्लेख केलाय तेवढीच अडवा. हे विट्याच्या शाखेला कुणी सांगायचं?

आता लोक म्हणतील, यूपीआय फुकट आहे, आणखी काय पाहिजे? मला वाटतं दुखणं तिथंच आहे. जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून यूपीआयचं शुल्क घ्यायचं नाही असा नियम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून जास्त वेळा व्यवहार झाले. आणि छोट्या दुकानदारांच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांपोटी बँका-कंपन्यांना द्यायला सरकारनं २०२४-२५ सालासाठी ठेवले दीड हजार कोटी रुपये. ज्या कामातून बँकेला काही मिळत नाही, त्या कामाची तक्रार ऐकायला ती माणूस कशाला बसवेल? मॉलवाल्याकडून, मोठ्या ऑनलाइन दुकानांकडून थोडं शुल्क घ्या. वहिनींसारख्यांना फुकट राहू द्या, पण त्या पैशातून मराठीत बोलणारा एक माणूस खुर्चीत बसवा.

आणि क्रिप्टोचं तर घोंगडं भिजतच पडलंय. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, विक्रीवर १ टक्का टीडीएस, तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही. कर घ्यायला हरकत नाही, पण हा धंदा नीट चालवायचा स्वतंत्र कायदा आजतागायत नाही. सरळ एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या रीतसर बाजारात, गेलं की टीडीएस कापला जातो, म्हणून पोरं टेलिग्रामवर जातात. १ टक्का वाचवायला गेली आणि चोराच्या साखळीत कडी होऊन बसली. त्या पोराचंही खातं बंद आहे. त्याची कीव येते, रागही येतो. वहिनींनी मात्र त्याचं जेवण थांबवलं नाही. (मी असतो तर थांबवलं असतं. म्हणूनच मेस त्या चालवतात, मी नाही.)

मनात आणलं तर बदल होतात. अनोळखी माणूस ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ पाठवून पैसे उकळायचा. ऑक्टोबर २०२५ पासून माणसानं माणसाला अशी मागणी पाठवणंच बंद केलं. फसवणुकीचा तो एक रस्ता मिटला. तसंच ‘वादातली रक्कम सोडून बाकी खातं मोकळं’ हे सगळीकडं का होऊ नये? खातेदाराला त्याच दिवशी, त्याच्या भाषेत कळवा. आणि ठरावीक मुदतीत पोलिसांनी पुढं काही केलं नाही तर कुलूप आपोआप निघू द्या.

आम्ही आधार, मेसची वही, पोराचा हजेरीचा कागद, सगळं स्कॅन करून त्या ठाण्याला चार ई-मेल पाठवले. चौथ्याला उत्तर आलं. एकोणतिसाव्या दिवशी खातं सुटलं. मधल्या काळात किराणावाल्यानं उधारीवर माल दिला, जुन्या लाल वहीत लिहून. ती वही त्यानं टाकून दिली नव्हती.

काल मेसवर जेवायला गेलो. भिंतीवरच्या क्यूआरवर वहिनींनी कॅलेंडर टांगलंय. ओळखीच्यांनी मागितलं तर कॅलेंडर वर उचलतात. आता क्यूआरला वेगळं खातं जोडलंय, आणि रोज रात्री भांडी आवरली की त्यातले पैसे दुसरीकडं वळवतात. मी फोन काढला तर म्हणाल्या, “भाऊजी, सुटे असतील तर बघा की.”