माकड, कोलीत आणि ॲड्रेस बार

नमस्कार,

तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत हे बरं झालं. 'छान माहिती, धन्यवाद' याला उत्तर काय देणार? तुमच्या प्रतिक्रियेला मात्र उत्तर द्यावंच लागेल.

मूळ लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विंडोजमध्ये हवा तो फोल्डर उघडायचा, वरच्या ॲड्रेस बारच्या रिकाम्या जागी क्लिक करायचं, पत्ता निळा झाला की त्यावरच सी-एम-डी टाइप करून एंटर मारायचा. काळी खिडकी, म्हणजे कमांड टाइप करून काम सांगायचा कमांड प्रॉम्प्ट (सीएमडी), उघडते ती थेट त्याच फोल्डरात. माउसला हात लावायचा नसेल तर ऑल्ट आणि डी एकत्र दाबा, कर्सर ॲड्रेस बारमध्येच जाऊन बसतो. (कमांड इथे फोनवर सांगतो तशा लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

तुमचे आक्षेप असे: राइट-क्लिकमध्ये 'ओपन इन टर्मिनल' (टर्मिनल म्हणजे अशा कमांडची नवी खिडकी) आयतं मिळत असताना ही जुनी युक्ती कशाला, सर्वसामान्य माणसाला कमांड प्रॉम्प्ट उघडून देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, आणि सीएमडी आता मेल्यात जमा आहे, शिकवायचंच तर पॉवरशेल (त्याच कामाचं नवं, जास्त ताकदवान साधन) शिकवा. शिवाय जाता जाता तुम्ही ऑफिसातल्या शेअर्ड फोल्डरची तक्रारही केली आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

राइट-क्लिकचं आधी उरकतो. तो मेनू मायक्रोसॉफ्टने इतक्यांदा हलवलाय की त्याच्या भरवशावर कुणाला काही शिकवायला नको वाटतं. एक्सपीच्या काळात त्यासाठी पॉवरटॉय (मायक्रोसॉफ्टचं छोटं जोड-सॉफ्टवेअर) वेगळं टाकावं लागायचं. व्हिस्टापासून शिफ्ट दाबून राइट-क्लिक केलं की 'ओपन कमांड विंडो हिअर' दिसू लागलं. विंडोज १० च्या २०१७ मधल्या क्रिएटर्स अपडेटने त्या जागी पॉवरशेल आणून बसवलं. विंडोज ११ मध्ये शिफ्टची गरज उरली नाही, पण नाव झालं टर्मिनल, आणि जुने पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आड गेले. आता फोनवरचा हा संवाद बघा:

"राइट-क्लिक केलंस?"
"केलं."
"आता टर्मिनल शोध."
"मामा, इथे तसलं काही नाहीये."
"बरं, शिफ्ट दाबून परत कर."
"आता पॉवरशेल म्हणतंय. तेच का?"

तेच नव्हे ना! भाच्याच्या मशीनवर विंडोज १०, माझ्यासमोर ११, आणि त्याच्या कॉलेजच्या लॅबमध्ये आणखी भलतंच काहीतरी. ॲड्रेस बारमधली तीन अक्षरं मात्र विंडोज ७ वरही चालत होती आणि ११ वरही चालतात. मेनूत काय दिसतंय हे विचारावं लागत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत) हात घालून जुना पर्याय परत आणता येतो हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण ते स्वतःच्या मशीनवर. लॅबमधल्या किंवा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कोण करू देतंय?

आता कोलीत. माझा खरा मतभेद इथे आहे.

कमांड प्रॉम्प्टमध्ये नुकसान होतं ते बहुतेक वेळा कमांड चुकल्यामुळे नाही. कमांड बरोबर असते, जागा चुकलेली असते. नेहमी दिसणारा प्रकार सांगतो. माणूस आधीपासून सी ड्राइव्हवरच्या डाउनलोड्समध्ये काहीतरी करतोय. आता त्याला डी ड्राइव्हवरच्या 'बिलं' फोल्डरातल्या जुन्या पीडीएफ काढून टाकायच्या आहेत. तो लिहितो: सीडी (फोल्डर बदलायची कमांड), स्पेस, डी, कोलन, उलटी तिरकी रेघ, बिलं. एंटर. एरर येत नाही, कुरकुर होत नाही, म्हणजे पोचलो असं कुणालाही वाटणारच. प्रत्यक्षात तो जागचा हललेला नसतो. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या दिवसांपासून प्रत्येक ड्राइव्ह आपापली चालू जागा वेगळी लक्षात ठेवतो. नुसत्या सीडीने डी ड्राइव्हची नोंद तेवढी बदलली, माणूस सी वरच राहिला. ड्राइव्हसकट हलायचं तर सीडीनंतर सरळी तिरकी रेघ आणि डी जोडावं लागतं, आणि हे कुणी सांगितल्याशिवाय कळायचं काही कारण नाही.

पुढची ओळ तो लिहितो: डेल (फाइली पुसायची कमांड), स्पेस, स्टार डॉट पीडीएफ. डाउनलोड्समधलं लाइट बिल, रेल्वेचं तिकीट, आधार, सगळं साफ. आणि गंमत अशी की डेलला नुसता स्टार दिला तर 'नक्की का?' असं विचारलं जातं; स्टार डॉट पीडीएफ दिलं तर तेही नाही. रिसायकल बिनमध्ये काही जात नाही. कंट्रोल झेड चालत नाही.

हाच माणूस आधी एक्सप्लोररमध्ये 'बिलं' उघडून, आतल्या फाइली डोळ्यांनी बघून, तिथूनच सी-एम-डी मारून आत गेला असता तर चुकायला जागाच नव्हती. म्हणून म्हणतो, सर्वसामान्य माणसासाठी प्रॉम्प्टपर्यंत जायचा हा सगळ्यात कमी धोक्याचा रस्ता आहे. डेस्कटॉपचंच घ्या. बऱ्याच मशीनवर वनड्राइव्हने (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीने) तो स्वतःच्या पोटात घेतलेला असतो. यूजरच्या फोल्डरातून 'सीडी डेस्कटॉप' केलं की कधी फोल्डर सापडतच नाही, कधी जुना, ओस पडलेला डेस्कटॉप समोर येतो. डेस्कटॉप एक्सप्लोररमध्ये उघडून तिथून प्रॉम्प्ट काढला की तुम्हाला दिसतोय तोच डेस्कटॉप मिळतो.

कोलीत शोधायचंच असेल तर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' बघा. इंटरनेटवरचे निम्मे उपाय त्यानेच सुरू होतात. तसा उघडलेला प्रॉम्प्ट थेट सिस्टिम ३२ या विंडोजच्या स्वतःच्या फाइलींच्या फोल्डरात उभा करतो, तोही सगळे अधिकार हातात देऊन. ॲड्रेस बारमधून उघडणारी खिडकी साध्या अधिकारांची असते. ज्याला प्रिंटरचा पासवर्डही माहीत नसतो त्याला तेवढे पुरेत.

हा रस्ता सगळीकडे चालतो असं मात्र नाही. 'धिस पीसी'मध्ये किंवा झिप फाइलच्या आत असताना तो उपयोगाचा नाही, कारण डिस्कवरचा खरा फोल्डर तिथे नसतो. म्हणून खिडकी उघडली की टाइप करण्याआधी प्रॉम्प्टमधला पत्ता वाचायचा. भाच्याला मी तो मोठ्याने वाचायला लावतो. त्याला त्याचा राग येतो, येऊ दे.

पॉवरशेलबद्दल. ते ताकदवान आहे यात वाद नाही, मी स्वतः वापरतो. ज्याला तेच हवंय त्याने ॲड्रेस बारमध्ये सी-एम-डी ऐवजी पॉवरशेल लिहावं, तेही त्याच फोल्डरात उघडतं. टर्मिनल हवं असेल तर डब्ल्यू-टी, स्पेस, वजा डी, स्पेस, टिंब. ते टिंब विसरायचं नाही, 'हाच फोल्डर' हे त्यानेच कळतं. पण माझे बरेच वाचक दुसऱ्याने लिहून दिलेली एखादी ओळ चालवायला येतात, आणि ती ओळ बहुतेकदा सीएमडीची असते. फोल्डरातल्या फाइलींची नुसती नावं काढायची 'डीआयआर, स्पेस, सरळी तिरकी रेघ, बी' ही कमांड घ्या. सीएमडीमध्ये निमूट चालते. पॉवरशेलमध्ये तीच टाकली तर ते तिरकी रेघ बी हा पत्ता समजतं आणि असा फोल्डरच नाही म्हणून लाल अक्षरांत ओरडतं. नवख्या माणसाला वाटतं, आपणच काहीतरी मोडलं.

त्या कमांडचा एक उपयोग मूळ लेखात राहिला होता. तुम्ही 'सर्वसामान्य माणसाला याची गरज काय' विचारलंत म्हणून इथे देतो. दिवाळी अंकाचं काम करणाऱ्या डीटीपीवाल्या मंडळींकडे एका फोल्डरात ढीगभर लेख असतात आणि संपादकांना यादी हवी असते. एकेक नाव बघून टाइप करत बसण्यापेक्षा त्या फोल्डरातून प्रॉम्प्ट उघडा आणि डीआयआर, तिरकी रेघ, बी, मग 'पेक्षा मोठे'चं चिन्ह आणि लिस्ट डॉट टीएक्सटी एवढं लिहा. यादी तयार. फक्त फाइलींची नावं मराठीत असतील तर यादीत अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग लागते. त्यासाठी त्याच खिडकीत आधी सीएचसीपी, स्पेस, ६५००१ ही कमांड द्यायची, मग यादी काढायची. जुन्या काळ्या खिडकीत देवनागरीचे चौकोन दिसले तरी घाबरू नका, ती फक्त फाँटची अडचण असते; नोटपॅडमध्ये यादी नीट उघडते. आणि यादीत लिस्ट डॉट टीएक्सटी स्वतःही येऊन बसते, कारण डीआयआर चालायच्या आधीच ती फाइल तयार झालेली असते. संपादकांना पाठवायच्या आधी ती ओळ उडवा.

राहता राहिला तुमचा शेअर्ड फोल्डर. दोन उलट्या रेघांनी सुरू होणाऱ्या नेटवर्कच्या पत्त्यावरून सी-एम-डी मारलंत आणि प्रॉम्प्ट विंडोजच्या फोल्डरात उघडला, हे अगदी तसंच घडतं. 'यूएनसी पाथ्स आर नॉट सपोर्टेड' ही ओळ वर आलेली असते, पण ती वाचतो कोण! सीएमडी तसल्या पत्त्यावर उभंच राहू शकत नाही. पॉवरशेल राहू शकतं, तेव्हा या एका जागी तुमचा सल्ला बिनशर्त मान्य. सीएमडीच हवं असेल तर पुशडी, स्पेस, आणि अवतरणचिन्हांत फोल्डरचा पूर्ण पत्ता. त्याने त्या जागेला तात्पुरतं ड्राइव्हचं अक्षर मिळतं, झेड मोकळं असेल तर झेड, नसेल तर उलट्या क्रमाने पुढचं मोकळं, आणि तुम्ही थेट त्या फोल्डरात पोचता. काम झालं की पॉपडी करा. तसंच फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केलीत तर ते अक्षर अडून राहतं, आणि आठवडाभराने एक्सप्लोररमध्ये झेड, वाय, एक्स असे एकाच फोल्डरचे तीन ड्राइव्ह बघून तुम्ही मलाच परत लिहाल.