तक्रार बंद करण्याआधी तक्रार करणाऱ्याला विचारा

सकाळी पोळ्या चालू होत्या आणि फोन वाजला. सरकारी पोर्टलचा मेसेज. तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मला खरंच वाटलं, झालं काम! गॅस बारीक केला आणि पिठाच्या हातांनीच पोर्टल उघडलं. उत्तर असं होतं: "लाभार्थ्यांचे अनुदान डीबीटीद्वारे थेट बँक खात्यात वितरित करण्यात येते. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

बस. एवढंच.

तक्रार काय होती ते सांगते. आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंना संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळायचे. काका गेल्यापासून तेवढाच हातात येणारा हक्काचा पैसा. पावसाळ्यापासून तो यायचा बंद झाला. का बंद झाला, एवढंच आम्ही विचारलं होतं. त्यावर उत्तर काय, तर अनुदान खात्यात येतं. अहो, येत नाही म्हणूनच तर तक्रार केली ना! पासबुकाच्या पानाचा फोटो जोडला होता. शेवटची नोंद कधीची आहे, ते त्यात स्वच्छ दिसत होतं. तो फोटो कुणी उघडून तरी पाहिला का?

तुम्हाला वेगळं सांगायला नको, 1500 रुपये म्हणजे काय ते. आपल्यापैकी कुणाकुणाचं ते एका रविवारचं बाहेरचं जेवण असेल. काकूंचं त्यात गॅस सिलेंडर, बीपीच्या गोळ्या आणि लाईटबिल बसतं. दिवाळी आली आणि गेली. काकूंनी फराळ केला नाही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, "यंदा मी तुला उलटं ताट नाही देऊ शकत गं." रिकामं ताट परत द्यायचं नाही, अशी पद्धत असलेली बाई. त्यांनी त्यात साखर घालून दिली.

आणि इथे कुणीतरी लिहितो, सबब तक्रार निकाली.

मला राग कशाचा आला ते नीट सांगते, कारण लोक लगेच म्हणतात की यांना ऑनलाइन नको, यांना जुनंच हवं. तसं नाही. पोर्टल हवंच. पूर्वी तहसीलला अर्ज द्यायचा तर आवक टेबलावरचा माणूस जागेवर असायचा नाही, असला तर पोच द्यायचा नाही, दिली तर त्यावर शिक्का नसायचा. आता घरबसल्या टोकन नंबर मिळतो, हे मी मान्य करते. आमच्या रस्त्यावरचा बंद दिवा ऑनलाइन तक्रारीवरून दोन दिवसांत लागला, तेही मान्य. पण दिवा लागला की नाही ते सगळ्या गल्लीला दिसतं. काकूंच्या खात्यात पैसे आले की नाही ते फक्त काकूंना दिसतं. मग काम झालं का, हे काकूंना विचारल्याशिवाय तक्रार बंद होतेच कशी?

माझं म्हणणं एवढंच आहे. तक्रार बंद करायचा अधिकार ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हातात नको. ज्याने केली त्याला एक फोन करा, एक मेसेज पाठवा, विचारा की झालं का काम. तो हो म्हणाला तर बंद करा. नाही म्हणाला तर बंद करू नका. यात अवघड काय आहे?

राज्याचं आपले सरकार पोर्टल 2015 साली सुरू झालं. 21 कामकाजाच्या दिवसांत तक्रारीचं निवारण, असं आश्वासन होतं. केंद्राचं तक्रार पोर्टल, सीपीग्राम्स, तर त्याहून जुनं, 2007 पासूनचं. तिथे आधी 60 दिवसांची मुदत होती, 2020 मध्ये ती 45 वर आणली, 2021 मध्ये 30 वर आणि 2024 मध्ये 21 दिवसांवर. वाचायला छान वाटतं, दर वेळी मुदत कमी केली म्हणून. पण त्या मुदतीत करायचं काय असतं? तक्रार बंद करायची असते. दर महिन्याला अहवाल निघतात, कुणी किती निकाली काढल्या यावर खात्यांची क्रमवारी लागते. मग ज्या टेबलावर तक्रार येते त्या टेबलावरचा माणूस काय करणार? मुदत संपायच्या आत शेरा मारणार. मुदत कमी झाली म्हणजे शेरा लवकर येतो, पैसे लवकर येत नाहीत.

केंद्राच्या 2024 च्या सूचनांमध्येच लिहिलंय की "हा विषय आमच्या विभागाचा नाही" असं सांगून तक्रार बंद करू नये. म्हणजे लोक असं करतात हे सरकारला माहीत आहे. माहीत असल्याशिवाय अशी ओळ कुणी लिहील का?

हे सगळं डोक्यात घेऊन आज दुपारी सुट्टी टाकली आणि काकूंना घेऊन अनुदानाचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेले. काकूंच्या हातात ती नेहमीची प्लॅस्टिकची पिशवी. त्यात पासबुक, आधारची झेरॉक्स, काकांच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, मंजुरीचं पत्र. सगळं घड्या घालून, वर रबर लावून. त्या पिशवीला त्या कुणाला हात लावू देत नाहीत. बाकावर बसल्यावर त्यांनी पुन्हा एकदा सगळे कागद मोजले.

मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. फोनवर ते उत्तर उघडून ठेवलं होतं. टेबलावर एक तरुण मुलगा होता, असेल तिशीच्या आतला. मी फोन त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, हे कुणी लिहिलंय? त्याने वाचलं आणि खाली बघून म्हणाला, "ताई, मीच लिहिलंय."

मी गप्पच झाले.

मग त्याने सांगितलं. तक्रार मुंबईला जाते, तिथून जिल्ह्याला वर्ग होते, जिल्ह्यावरून तालुक्याला आणि तालुक्यावरून त्याच्या टेबलावर. म्हणजे ज्या टेबलाविरुद्ध तक्रार, त्याच टेबलावर ती फिरून येते. तो अहवाल लिहितो, साहेब सही करतात, तो अहवाल वर जातो आणि तेच आपल्याला सरकारचं उत्तर म्हणून मिळतं. मधल्या कुणीही तक्रार वाचून "हे उत्तर प्रश्नाला धरून आहे का" असं विचारलेलं नसतं. सगळ्यांनी फक्त पुढे पाठवलेलं असतं. आपल्याला वाटतं आपण मंत्रालयात दाद मागितली.

मित्रांनो, हे ऐकल्यावर माझा त्या मुलावरचा राग गेला आणि बाकी सगळ्यावरचा दुप्पट झाला. एकट्याकडे तीन योजना, शेजारची खुर्ची रिकामी, पद भरलेलं नाही. वरचे साहेब व्हीसीमध्ये, म्हणजे व्हिडिओ बैठकीत, विचारतात प्रलंबित किती. त्याला मी काय बोलू? लोक खोट्या तक्रारीही करतात, शेजाऱ्याचा राग पोर्टलवर काढतात, तेही त्याला बघावं लागतं. असेल. पण काकूंची तक्रार खोटी नव्हती.

आणि आता ऐका, मला सगळ्यात जास्त कशाने पेटवलं ते.

मी म्हटलं, बाळा, आता आम्ही समोर आहोत, बघ तरी काय झालंय. त्याने काकूंचा आधार नंबर टाकला. पाण्याचा घोट घ्यायला लागतो तेवढ्या वेळात स्क्रीनवर आलं. काकूंचं आधार दुसऱ्याच एका बँकेला जोडलेलं आहे. काही वर्षांपूर्वी कुणीतरी गल्लीत शिबिर लावून सगळ्या बायकांची शून्य शिलकीची खाती उघडली होती, ते खातं. काकू तिकडे परत कधी गेल्याच नाहीत, ते पासबुकही त्यांच्याकडे नाही. पूर्वी अनुदान काकूंनी दिलेल्या खात्यावर जमा व्हायचं. आता ते आधारशी जोडलेल्या खात्यावर जातं, आणि ते खातं व्यवहार नसल्यामुळे बंद पडलंय. म्हणून पैसे परत जातात.

म्हणजे उत्तर होतं! त्या संगणकात पहिल्या दिवसापासून होतं. "आपले आधार अमुक बँकेशी जोडलेले आहे, ते खाते बंद आहे, आपल्या चालू खात्याच्या बँकेत जाऊन आधार जोडून घ्या." हे एक वाक्य वेळेत कळवलं असतं तर काकूंची दिवाळी झाली असती. ते लिहायला "सबब निकाली" लिहिण्यापेक्षा फार तर अर्धा मिनिट जास्त लागला असता. पण ते लिहिलं नाही, कारण ते लिहावं अशी कुणाची अपेक्षाच नाही. अपेक्षा बंद करण्याची आहे.

काकूंना मी बाहेर आल्यावर समजावून सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझंच चुकलं का गं?" नाही हो काकू. तुमचं काय चुकलं? इतके महिने या बाईला वाटत होतं की आपलं नाव यादीतून कापलंय, आपण काहीतरी गुन्हा केलाय. कुणाला विचारायची लाज वाटत होती. हे कुठल्या अहवालात येणार आहे?

काही जण म्हणतील अपील करता येतं. येतं, मान्य. सीपीग्राम्सवर तक्रार बंद झाल्यावर अभिप्राय देता येतो, "वाईट" असा दिला तर अपिलाचा पर्याय उघडतो, 30 दिवसांची मुदत असते. ज्यांना माहीत नाही त्यांनी जरूर वापरा, गप्प बसू नका. पण काकूंच्या हातात बटणांचा फोन आहे. ओटीपी आला की त्या तो घेऊन माझ्याकडे पळत येतात, येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. त्यांनी अपील करायचं? आणि ते अपील पुन्हा फिरून त्याच टेबलावर अहवालासाठी येणार असेल तर त्याचा उपयोग काय?

दाखला वेळेत दिला नाही तर आपल्या राज्यात 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. माहितीच्या अधिकारात तर दिवसाला 250 रुपये, 25,000 पर्यंत. आणि माहिती नाकारली तर का नाकारली आणि अपील कुणाकडे करायचं हे लिहून द्यावं लागतं. म्हणून तर माहिती अधिकाराच्या अर्जाला अधिकारी घाबरतात. तक्रारीला असं खोटं उत्तर दिलं तर काय होतं? काहीच होत नाही.

असं काही व्हावं म्हणून कायदा येणार होता, हे किती जणांना आठवतंय? ऑगस्ट 2011, दिल्लीचं रामलीला मैदान, अण्णा हजारेंचं उपोषण. आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो, टोप्या घालून चौकात उभे राहिलो होतो. त्यांच्या शेवटच्या तीन मागण्यांत एक नागरिकांच्या सनदेची होती, म्हणजे कुठलं काम किती दिवसांत करणार हे कार्यालयाने लिहून द्यायचं. लोकपाल सगळ्यांच्या लक्षात राहिला, सनद राहिली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लोकसभेत तक्रार निवारणाचं विधेयक आलं होतं. 30 दिवसांत निवारण, नाहीतर वर अपील, अधिकाऱ्याला दंड. 2014 मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि त्या विधेयकाचीही. त्यानंतर सरकार बदललं, पोर्टलं आली, ॲपं आली, कायदा काही आला नाही. दोन्ही सरकारांच्या बाजूचे लोक माझ्या मित्रयादीत आहेत, दोघांनाही सांगते, यात कुणाची बाजू घेऊ नका. तुमच्या आईची पेन्शन अडकली तर तुम्हालाही हाच शेरा येणार आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. पण शेरा मारायच्या आधी एक फोन करायला कायदा लागत नाही. परिपत्रक पुरतं. साहेब, टोकन नंबर देताना आमचा मोबाईल नंबर घेताच ना तुम्ही?

आता थोडं शांत होते आणि कामाचं सांगते. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी, गावाकडच्या आत्या, शेजारच्या आजी, यांचं कुणाचंही अनुदान थांबलं असेल तर आधी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघा. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून पर्याय आहे, आधारला जोडलेला मोबाईल जवळ ठेवा, ओटीपी त्यावर येतो. ज्या खात्यात पैसे यायला हवेत त्या बँकेत आधार जोडायचा फॉर्म भरून द्या आणि त्याची पोच घ्या. उद्या सकाळी काकूंना घेऊन मी तेच करणार आहे. थकलेले महिने मिळतील का, हे त्या मुलाला सांगता आलं नाही. त्यासाठी वेगळा अर्ज देऊन, शिक्क्याची पोच घेऊनच आम्ही बाहेर पडलो.

आणि एक काम तुम्ही सगळ्यांनी करा. तुमच्याकडे असे शेरे असतील, "पुढील कार्यवाहीस्तव पाठविण्यात आले, सबब निकाली" वगैरे, तर त्याचे स्क्रीनशॉट मला पाठवा. नाव, मोबाईल, टोकन नंबर झाकून. काम न होता बंद झालेल्या तक्रारीच पाठवा, नुसता राग नको. डिसेंबरमध्ये नागपूरला अधिवेशन आहे. आमच्या आमदारांच्या कार्यालयात मी ते छापून नेऊन देणार आहे आणि यावर प्रश्न विचारा असं लेखी मागणार आहे. तुमच्या मतदारसंघात तुम्हीही द्या. पक्ष कुठलाही असो, पोच मात्र घ्या.