जोत्याला माती लावू नका, किती वेळा सांगायचं!

आठ दिवस पुण्याला काय गेले, परत येऊन बघते तर मागच्या भिंतीला दीड-दोन फूट लाल माती चढवलेली! जोतं, म्हणजे जमिनीवर दिसणारा पायाचा भाग, दिसतच नाही. वर ओळीने जास्वंद आणि मोगरा, कडेला रंगवलेल्या विटा तिरक्या खोचलेल्या. जाताना तीनदा बजावलं होतं, झाडं भिंतीपासून तीन फूट लांब. तर बागवाला म्हणतो, "काय नाय होत काकी, पावसात माती बसते." माती बसते! आणि पाणी कुठे जातं? रत्नागिरीचा पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, भिंत पाणी पिणाऱ्या जांभ्या दगडाची, आणि पागोळ्या थेट त्याच मातीवर.

कोठीच्या खोलीत गेले तर फरशीपासून हातभर उंच भिंत काळपट. बोट लावलं तर गिलाव्याचा पोपडाच हातात आला, आत ओलं पीठ झालेलं. तांदळाचा डबा उचलला, खाली गंजाचं गोल कडं. डोकंच फिरलं माझं. घर बांधताना जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत चढू न देणारा, थर घातला, पैसे मोजले, आणि आता त्याच्याही वर माती! ओल बाजूने सरळ आत. वाळवीला तर हा आयता रस्ता. मागच्या दाराची चौकट एकदा अशीच पोखरून गेली, तो खर्च अजून विसरलेले नाही.

आणि हा बागवाला एकटाच नाही. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्याला एवढंच सांगितलं होतं की दहा फुटांत दोन-अडीच इंच उतार बाहेरच्या बाजूला दे. त्याने दिला घराकडे! मला मुळात ते ब्लॉक नकोच होते. रंगवाल्याने ओल्या भिंतीवर महागातला 'ओल थांबवणारा' रंग मारला, गणपतीपर्यंत फुगे आले. पाणी मातीतून येतंय, आतून रंग लावून ते थांबेल कसं? रस्त्याचं तर बोलूच नका. जुना थर न खरवडता डांबरावर डांबर, ओट्याच्या तीन पायऱ्यांतली एक उरली. रस्त्याचं सगळं पाणी आता अंगणात.

सासूबाई मे संपायच्या आत गड्याला घेऊन घराभोवतीची माती फावड्याने मागे ओढून घ्यायच्या. पागोळीच्या रेघेवर चर, तो थेट पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे. पहिल्या पावसात स्वतः छत्री घेऊन उभ्या राहायच्या, पाणी कुठे अडतंय ते बघायला. त्या होत्या तोवर त्या भिंतीला कधी पोपडा नव्हता. मी चर बुजू दिला नाही, पण आठ दिवस घर सोडलं आणि या बागवाल्याने तोही बुजवला.

उद्या गडी आला तर ठीक, नाही तर मी आणि हे दोघं मिळून, जोत्याची वरची कड दिसेपर्यंत, आणि त्याखाली आणखी वीतभर, माती ओढणार. जास्वंद काढून गडग्याजवळ, कुंपणाच्या दगडी बांधाशी, लावेन, पावसात ती कुठेही जगते. भिंत वाळायला मात्र दिवाळी उजाडेल.