"आपोआप" म्हणजे काय हो काका?

काका, शुगरमुळे आईच्या डोळ्यात रक्त सांडलं आणि मग लेझर केलं, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "लेझरने नजर येत नसते, रक्त आपोआप उतरतं. आईच्या आजारपणावर कथा लिहिणाऱ्यांनी अर्धवट ज्ञान वाटू नये. इंजेक्शनचं, शुगरचं नाव नाही." वाचलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा रात्री, तेव्हाच उत्तर दिलं असतं तर फार वाईट दिलं असतं.

आधी चूक कबूल. एका सिटिंगमध्ये लेझरचे 1600 ठिपके असं मी लिहिलं होतं, ते तिन्ही सिटिंगचे मिळून होते. दुरुस्त केलंय. झालं समाधान?

आता ते "आपोआप". लेझरने रक्त काढलं असं मी लिहिलंच नव्हतं, "लेझरनंतर आईला दिसायला लागलं" असं लिहिलं होतं, "नंतर" आणि "मुळे" यातला फरक तुमच्या बडोद्यात करत नसतील तर माझा इलाज नाही. शुगरने डोळ्याच्या पडद्याच्या बारीक रक्ताच्या नसा बंद पडतात, मग उपाशी पडद्यावर नव्या नसा फुटतात, त्या कच्च्या, जरा काही झालं की रक्त. लेझर कडेकडेचा पडदा डागतं, त्याची भूक कमी होते आणि नव्या नसा सुकतात. सांडलेलं रक्त शरीरच जिरवतं, नाही जिरलं तर ऑपरेशन. हे मी गूगलवरून नाही सांगत. पहिल्या दिवशी रक्तामागे डॉक्टरांना पडदाच दिसेना, डोळ्याची सोनोग्राफी करावी लागली, आणि मग रक्त खाली बसावं म्हणून पाच आठवडे आई तीन उशांना टेकून झोपली. मी खाली सतरंजीवर. रात्री उठून विचारायची, "अरे, भिंतीवर माशी आहे का रे?" भिंतीवर काही नसायचं, डोळ्यातलं रक्तच तिला तसं दिसायचं. तुमचं "आपोआप" ते हे, आमच्या रामबागेतल्या दहा बाय बाराच्या खोलीतलं.

थोडं निवळल्यावर लेझर. थेंब टाकून डोळा बधिर, वर काचेची लेन्स, हनुवटी मशीनवर, आणि हिरवा उजेड टिकटिक टिकटिक. आई रामरक्षा पुटपुटायला लागली तर हनुवटी हलायची, डॉक्टर म्हणाले, "अम्माजी, भगवान को मन में याद कीजिए." कथा म्हणायची तर ही कथा. दुसऱ्या डोळ्याला तर रक्त यायच्या आधीच लेझर करून घेतलं, तीन वर्षं झाली, एकदाही रक्त नाही. त्यालाही आपोआपच म्हणा.

इंजेक्शनचं म्हणाल तर लेख लेझरचा होता, पोह्यांवर लिहिलं की जलेबी का नाही असं विचारायचं का? डोळ्यात द्यायची इंजेक्शनं असतात, चांगली असतात, त्याच्या चकरा चुकल्या की महागात पडतं, पुरे. शुगरचं तर शाळेतल्या पोराला पण ठाऊक आहे. लेझरनंतर रात्री कमी दिसतं हेही तुम्ही लिहिलंत ते खरंय, दिवेलागणीनंतर आई जिना उतरत नाही.

तुमची प्रतिक्रिया डिलीट करणार नाही, राहू दे. फक्त ते "आजारपणावर कथा" जमलं तर काढा, कारण आता अक्षरं मोठी केली की आई माझ्या फोनवर स्वतः वाचते आणि तिच्यापासून फोन किती दिवस लपवू.